खाँसाहेबांचा षड्ज आणि माझा लॅपटॉप

मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या बातमीचं कात्रण मी जपून ठेवलं होतं. यंदा नववीच्या वर्गात एक तास मोकळा मिळाला तेव्हा ते काढलं. मुलांना सांगितलं की मिरजेत तंबोरे करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-बर्च्यांना धार लावणाऱ्यांची. हत्यारांची मागणी संपली आणि फरीदसाहेबांच्या पिढीने पात्यांऐवजी भोपळा हातात घेतला. मुलांना हे आवडलं. मिरज म्हटल्यावर खाँसाहेब अब्दुल करीम खाँ आलेच. लॅपटॉप उघडला, वर्गातला स्पीकर जोडला आणि त्यांची झिंझोटीतली ठुमरी लावली. अर्धं मिनिट वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ही बाई कोण आहे?"

वर्ग हसला. मीही हसलो. पण तो प्रश्न डोक्यातून जाईना. ज्या गळ्याच्या तबकड्या ऐकून भीमसेन जोशींसारखी मुलं लहानपणी गाण्याकडे ओढली गेली, तोच गळा आज तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपर्यंत असा का पोचतो? दोष गळ्याचा, तबकडीचा, माझ्या लॅपटॉपचा, की आपल्या कानांचा? पुढचे दोन-तीन आठवडे रात्री जेवणं झाल्यावर मी एवढाच उद्योग केला. त्यात लॅपटॉपचं थोडं ज्ञान झालं आणि इतिहासाचं बरंच.

(संगीत जायज की नाजायज, हा प्रश्न या ब्लॉगवर दर वेळी खाली विचारला जातो. त्या वादात आज शिरत नाही. ज्यांना शिरायचं आहे त्यांनी मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाला एकदा जाऊन यावं. खाँसाहेबांच्या नावाने तिथे रात्र-रात्र गाणं चालतं.)

पहिल्या रात्री फजिती झाली. कानाला ब्लूटूथचा हेडफोन लावून तीच ठुमरी ऐकली तर आवाज वर्गातल्यापेक्षाही वाईट. कुणीतरी रिकाम्या टाकीत तोंड घालून गातंय असा. अर्ध्या तासाने कारण सापडलं. ऑनलाइन मीटिंगचा प्रोग्राम मागे उघडाच राहिला होता आणि त्याने हेडफोनचा माइक धरून ठेवला होता. माइक वापरात आला की असे बरेच हेडफोन गाण्याची सोय सोडून टेलिफोनच्या सोयीत जातात. टेलिफोनला फक्त बोलणं कळलं म्हणजे पुरे, म्हणून जुन्या पद्धतीत साधारण ३४०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापूनच टाकतात. दोन कानांना वेगळा आवाजही राहत नाही. मीटिंग बंद केली, आणि खाँसाहेब टाकीतून बाहेर आले.

मजा अशी की साधारण एवढ्याच अरुंद खिडकीतून आपल्या देशातलं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. फ्रेड गैसबर्ग नावाचा तज्ज्ञ ग्रामोफोन कंपनीतर्फे १९०२ साली कलकत्त्याला आला आणि त्या नोव्हेंबरात त्याने गौहर जान यांचं गाणं उतरवून घेतलं. तेव्हा माइक नव्हता, वीज लागत नव्हती. एक मोठा भोंगा, त्याच्या निमुळत्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, सुईखाली फिरणारं मेण. गाणाऱ्याने भोंग्यात तोंड घालून जोरात गायचं, तीन मिनिटांच्या आत संपवायचं आणि शेवटी आपलं नाव पुकारायचं. नाव अशासाठी की तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळायला हवं. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यातच छपाईचा कारखाना निघाला, तरी नाव पुकारायची सवय बरीच वर्षं टिकली.

या भोंग्याला ढोबळमानाने २०० ते २५०० हर्ट्झ एवढंच ऐकू येई. मी पेशाने भाषेचा शिक्षक, त्यामुळे माझं लक्ष गाण्याच्या आधी अक्षरांकडे जातं. आपण ज्याला शीन-काफ दुरुस्त असणं म्हणतो, त्यातला बराच भाग याच्या वर राहतो. 'स'चा सणसणाट ४००० हर्ट्झच्या वर जोर धरतो. 'ज़' आणि 'ज', 'फ़' आणि 'फ' यांतला फरकही बराचसा त्याच वरच्या मजल्यावर. म्हणून भोंग्याच्या काळातल्या तबकडीत गायिकेने 'फ़' म्हटलंय की 'फ' हे शपथेवर सांगता येत नाही. त्यांनी नुक्ता लावला असेल, पण भोंग्याने तो घेतला नाही. जुन्या गायिकांचे उच्चार कच्चे होते असं बिनधास्त लिहिणारे लोक मी वाचले आहेत. त्यांनी हे लक्षात घ्यावं.

अब्दुल करीम खाँ या दोन्ही काळांत गायले. त्यांचा जन्म १८७२चा, कैराना गावचा. हे गाव आज उत्तर प्रदेशातल्या शामली जिल्ह्यात आहे, आणि त्याच्याच नावावरून किराणा घराणं. किराणा मालाशी त्याचा संबंध नाही, हे दरवर्षी कुणातरी विद्यार्थ्याला सांगावं लागतं. १९०५च्या सुमाराला, तिशी नुकतीच ओलांडलेली असताना, त्यांनी भोंग्यात तोंड घालून काही तबकड्या दिल्या. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं गेली. दरम्यान १९२५ साली पश्चिमेकडे माइक आला, विजेवर ध्वनिमुद्रण सुरू झालं, ऐकू येणारी पट्टी वर पाच हजार हर्ट्झपर्यंत आणि खालीही बरीच रुंदावली. मग १९३४ पासून साठी ओलांडलेल्या खाँसाहेबांनी ओडियनसाठी गाऊन ठेवलं. आपण आज जे ऐकतो ते बहुतेक हेच. त्यात ठुमऱ्या आहेत, ख्याल आहेत, आणि 'मानापमान' व 'एकच प्याला' या नाटकांतली मराठी पदंही आहेत. ज्यांची मातृभाषा मराठी नव्हती अशा माणसाच्या तोंडची ती मराठी मी वर्गात आवर्जून ऐकवतो. 'ळ' ऐका म्हणतो.

आता लॅपटॉपकडे येतो, कारण जुनी गाणी ऐकणाऱ्या कुणालाही हे उपयोगी पडेल.

सगळ्यात मोठा फरक ज्या बटणाने पडला ते गाण्यासाठी केलेलंच नाही. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात ऑडिओ, आणि तिथे 'मोनो ऑडिओ' अशी एक कळ आहे. ज्यांना एकाच कानाने ऐकू येतं त्यांच्यासाठी ती ठेवलेली आहे, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन एका कानात येतो. जुन्या तबकडीला ती का मानवते? त्या तबकड्यांच्या चरीत आवाज फक्त आडवा, डावीकडून उजवीकडे, नागमोडी कोरलेला असतो. आजची स्टिरिओ सुई आडवी हालचाल वाचते आणि उभीही. उभ्या हालचालीत खाँसाहेब नाहीत. तिथे धूळ आहे, झीज आहे, पोखरलेला तळ आहे. डावं आणि उजवं एकत्र केलं की आडवी हालचाल टिकते आणि उभी एकमेकींना खाऊन टाकते. नेटवर ज्यांनी तबकड्या चढवल्या आहेत त्यांतल्या कित्येकांनी स्टिरिओ सुईने वाजवून, आहे तसंच चढवलं आहे. अशा फाइलीवर ती कळ दाबली की चुरचुर एकदम खाली बसते. मी दहा वेळा दाबून पाहिली. चढवणाऱ्याने आधीच मोनो केलं असेल तर मात्र काहीच फरक पडणार नाही.

दुसरं काम म्हणजे लॅपटॉपची आगाऊ मदत बंद करणं. साउंडच्या जुन्या खिडकीत स्पीकरचे प्रॉपर्टीज उघडले की 'एन्हान्समेंट्स' नावाचं पान मिळतं. नव्या लॅपटॉपांत तेच वेगळ्या नावाने कुठेतरी दडलेलं असतं. माझ्याकडे तिथे बास वाढवणं, खोलीचा आभास देणं आणि 'लाउडनेस इक्वलायझेशन' हे सगळं चालू होतं. ते शेवटचं खाँसाहेबांचं सर्वात जास्त नुकसान करतं. त्याचं काम असं की हळू आवाज उचलायचा आणि मोठा दाबायचा, म्हणजे सिनेमातली कुजबुजही ऐकू यावी आणि धमाक्याने शेजारी उठू नयेत. पण किराण्याची सगळी श्रीमंती स्वर हळू सुरू होऊन भरत जाण्यात आणि पुन्हा विरत जाण्यात आहे. लॅपटॉपने तो विरणारा स्वर पकडून वर खेचला. दोन ओळींच्या मधल्या शांततेत तर त्याला उचलायला दुसरं काही सापडेना, म्हणून त्याने तबकडीची खरखर उचलली. खाँसाहेब श्वास घेत होते आणि माझा लॅपटॉप पाऊस पाडत होता. सगळे टिक काढून टाकले.

तिसरी गोष्ट ज्यावर लोक सर्वात जास्त भांडतात ती, म्हणजे नमुन्यांचा दर. संगणकातला आवाज म्हणजे सेकंदाला हजारो वेळा घेतलेली मोजमापं. सीडीत ती सेकंदाला ४४,१०० असतात. हा विचित्र आकडा आला कुठून? सुरुवातीला आकड्यांतला आवाज साठवायला व्हिडिओच्या फितीशिवाय स्वस्त जागा नव्हती. तेव्हा चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने बसवले. अमेरिका-जपानच्या पद्धतीत २४५ ओळी गुणिले ६०, युरोपच्या पद्धतीत २९४ ओळी गुणिले ५०, दोन्हीला तीनने गुणा, उत्तर एकच येतं. मुलांना हा गुणाकार फळ्यावर करायला दिला तर गणिताच्या सरांना आनंद झाला. १९८२ साली सीडी आली ती हाच आकडा घेऊन. व्हिडिओचं जग मात्र ४८,००० वर स्थिरावलं, आणि बहुतेक लॅपटॉपही ४८,००० वर बेतलेले असतात. त्यामुळे सीडीवरून घेतलेलं गाणं लावलं की विंडोज आतल्या आत त्याचं ४८,००० मध्ये रूपांतर करतं. ज्यांना हे सोसत नाही ते 'एक्सक्लुसिव्ह मोड' वापरतात, म्हणजे गाण्याचा प्रोग्राम विंडोजच्या मिक्सरला बाजूला सारून थेट साउंडकार्डाशी बोलतो.

मी दोन्ही करून पाहिलं. डोळे मिटून, मुलाला कळ दाबायला सांगून. मला फरक कळला नाही. कुणाला कळत असेल तर मी खोटं म्हणणार नाही, पण ज्या तबकडीत मुळात पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काहीच नाही आणि लाखेची खरखर कायमची आहे, तिच्यासाठी २४ बिट आणि १९२ किलोहर्ट्झची फाइल विकत घेणं म्हणजे पितळी लोट्याला सोन्याची पेटी. जतन करणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जतनासाठी किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगितलं आहे आणि ते योग्यच आहे. उद्या कुणाला त्या खरखरीतून आणखी काही वेचायचं असेल तर खरखरही पूर्ण जपलेली हवी. एक्सक्लुसिव्ह मोडचा मला झालेला खरा फायदा एवढाच की गाण्याच्या मधे मेसेज आल्याची टुंग वाजत नाही.

इक्वलायझरबद्दल थोडक्यात. एलपींसाठी १९५४च्या सुमाराला सगळ्या कंपन्यांनी एक प्रमाण मान्य केलं: कोरताना वरचे सूर वाढवायचे, वाजवताना तेवढेच कमी करायचे. त्यामुळे आजचा फोनो-अँप्लिफायर १०,००० हर्ट्झपाशी सुमारे १३.७ डेसिबल कापतो. पण ७८च्या बहुतेक तबकड्यांत वरचे सूर वाढवलेलेच नव्हते. ती तबकडी आजच्या यंत्रावर वाजली की न वाढवलेलं कापलं जातं आणि गवई गोधडीत गुंडाळल्यासारखा वाटतो. अशी घोगरी फाइल हाती आली तर इक्वलायझरमध्ये २००० हर्ट्झच्या वरचं हळूहळू वर न्यावं आणि खालचं थोडं कमी करावं. नेमका आकडा सांगत नाही, कारण प्रत्येक फाइलची गोधडी वेगळी. मी 'च' आणि 'स' नीट सुटे ऐकू येईपर्यंत वाढवतो आणि खरखर बोचायला लागली की थांबतो.

एवढं सगळं केलं, तरी मागच्या बाकावरचा प्रश्न तिथेच होता. आवाज स्वच्छ झाला, जवळ आला, पण बारीक तो बारीकच.

मग संशय वेगावर गेला. '७८' हा आकडा आपण पाठ केलेला असला तरी भोंग्याच्या काळात तो कुणी फारसा पाळत नव्हतं. सत्तरच्या आसपासपासून ऐंशीच्या वरपर्यंत वाटेल त्या वेगाने तबकड्या कोरल्या गेल्या. वाजवणाऱ्याने ग्रामोफोनची तरफ सरकवून गाणं बरं वाटेल तिथे ठेवायची. घरात ग्रामोफोन असलेल्यांना आठवत असेल, चावी संपत आली की गवई रडायला लागायचा आणि कुणीतरी धावत जाऊन हँडल मारायचं. विजेच्या मोटारी आल्या तेव्हा ७८ पक्का झाला. तोही अगदी ७८ नव्हे. अमेरिकेत मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या मोटारीला ४६चं दातेचक्र लावून ७८.२६ आला. आपल्यासारख्या ५० आवर्तनांच्या विजेच्या देशांत, दिव्याखाली ७७ रेघांची चकती स्थिर दिसते तो वेग ७७.९२. या दोघांतला फरक कानाला कळण्यासारखा नाही.

पण ७४ने कोरलेली तबकडी ७८ने वाजवली तर? तीन मिनिटांचं गाणं दोन मिनिटं एकावन्न सेकंदांत संपतं आणि सूर जवळजवळ एक पट्टी चढतो. पांढरी एकमध्ये गाणारा काळी एकमध्ये ऐकू येतो. आवाजाचा पोतही बदलतो, छाती लहान झाल्यासारखा. हे संगणकावर उलटं फिरवता येतं. मात्र नेहमीच्या प्लेअरमधली वेगाची कळ उपयोगाची नाही, कारण बहुतेक प्लेअर वेग बदलताना सूर मुद्दाम होता तिथेच ठेवतात. ऑडासिटी नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये वेग आणि पट्टी एकत्र बदलणारी सोय आहे. ती घ्यायची.

मी घेतली आणि खाँसाहेबांना खाली आणू लागलो. तीन टक्के. पाच टक्के. दहा टक्क्यांना पोचलो तेव्हा आवाज भरदार झाला होता, अगदी कुणीही 'बाई' म्हणणार नाही असा. रात्री साडेबारा वाजता मला वाटलं, सापडलं! फाइलीला 'दुरुस्त' असं नाव देऊन जतन केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा ऐकली तेव्हा लाज वाटली. तबला झोपेत वाजवल्यासारखा. आणि अक्षरं! आवाजाची पट्टी उतरली की स्वरांची ओळखही सरकते. 'आ' फुगून 'ऑ'कडे झुकत होता. हिंदी-उर्दू बोलणारा कुणीही तोंड असं उघडत नाही. वर्षानुवर्षं मुलांचे उच्चार तपासणाऱ्या माणसाला हे रात्री ऐकू यायला हवं होतं. शिवाय ही तबकडी १९३४ नंतरची. तोवर ७८ रुळलेला होता, तेव्हा दहा टक्क्यांची चूक होण्याचं कारणच नव्हतं. मला खाँसाहेब 'मर्दानी' करून हवे होते म्हणून मी ती चूक शोधून काढली होती. फाइल पुसली.

पाश्चात्त्य गाण्यात वेग ठरवायला एक आधार असतो, कारण रचना अमुक पट्टीतली हे कागदावर लिहिलेलं असतं. आपल्याकडे षड्ज गवयाचा स्वतःचा. तबकडी त्याबद्दल काही सांगत नाही. साथीला पेटी असली तर तेवढी खूण मिळते, कारण पेटीची पट्टी सरकत नाही, मग गवयाचा सा कुठल्यातरी पट्टीवर यायलाच हवा. दोन पट्ट्यांच्या मधे अधांतरी लोंबकळत असेल तर वेगात गडबड आहे असं समजावं. पण बरोबर पट्टी वरची की खालची, ते पेटीही सांगत नाही.

आणि हे सगळं कुणाच्या बाबतीत चाललंय, हा विचार आला तेव्हा मला हसू आलं. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुती मोजायचा ध्यास घेतला तेव्हा त्यांनी ज्यांच्या गळ्याचा आधार घेतला ते हेच अब्दुल करीम खाँ. देवलांचं इंग्रजी पुस्तक १९१० साली निघालं. न्यायाधीश असलेले आयसीएस अधिकारी क्लेमेंट्स त्यांच्या बाजूने उभे राहिले, १९१३ साली त्यांनीही पुस्तक लिहिलं आणि श्रुतींची खास पेटी करवून घेतली. भातखंड्यांना हे मान्य नव्हतं. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत यावर चांगलाच वाद झाला. श्रुती खऱ्या की कागदी हा वाद अजून मिटलेला नाही आणि तो मिटवण्याची माझी लायकी नाही. पण सन १९१०च्या आसपास, महाराष्ट्रात, एक ब्राह्मण डेप्युटी कलेक्टर आणि एक इंग्रज न्यायाधीश सुराच्या मोजमापासाठी एका मुसलमान गवयाच्या गळ्याला प्रमाण मानतात, एवढं मुलांना सांगण्यासारखं नक्कीच आहे.

त्या हिशेबात सर्वात लहान अंतर, प्रमाणश्रुती, ८१ भागिले ८० एवढं. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर साडेएकवीस सेंट. आता तबकडीचं गणित करून पाहा: ७८ऐवजी ७९ फेरे, म्हणजे मिनिटाला एकच फेरा जास्त, तर सूर चढतो बावीस सेंटने. जवळजवळ बरोबर एक श्रुती. हे गणित मी दोनदा तपासलं. सुदैवाने सगळेच स्वर सारखे चढतात, त्यामुळे सा आणि ग यांच्यातलं अंतर मोडत नाही. गवयाचा दर्जा शाबूत राहतो, फक्त त्याचं घर एक पायरी वर जातं.

अंतरं मोडणारा दोष दुसराच आहे आणि त्याकडे कुणी बघत नाही. तबकडीचं भोक मधोमध नसणं. केंद्रापासून १०० मिलिमीटरवर सुई असताना भोक एक मिलिमीटर जरी सरकलेलं असेल तरी प्रत्येक फेऱ्यात, म्हणजे पाऊण सेकंदात, सूर सतरा सेंट वर आणि सतरा सेंट खाली हेलकावतो. सुई आत सरकत जाते तसा हेलकावा वाढतो. ५० मिलिमीटरवर तो दुप्पट होतो. जो गवई एकेका स्वरावर समाधी लावून थांबतो म्हणून प्रसिद्ध, त्याचाच स्वर झोके घेऊ लागतो आणि ऐकणारा म्हणतो, म्हातारपणी आवाज थरथरत असेल. लॅपटॉपच्या कुठल्याही कळीने हे जात नाही. ज्याच्याकडे तबकडी आहे त्याने वाजवतानाच ती किंचित सरकवून मधोमध बसवायला हवी. आस्थेने हे करणारे लोक आहेत. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' नावाची मंडळी जुन्या तबकड्यांच्या मागे आहेत. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी तर खाँसाहेबांच्या तबकड्यांची सूची आणि चरित्र असं अख्खं पुस्तक केलं. आपल्या घरांतल्या तबकड्या मात्र माळ्यावरून थेट भंगारात जातात. जुन्या नाशकातही मी त्या गोणीत भरून जाताना पाहिल्या आहेत.

नाशिकचं नाव निघालंच तर, विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत गाणं शिकले, पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला आणि १९३१ साली मिरजेतच गेले. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ साली आपल्या नाशकात जन्मले आणि अवघ्या चौतिसाव्या वर्षी, १९५५ साली, गेले. त्यांच्याही ७८च्या तबकड्यांना वर सांगितलेलं मोनोचं औषध चालतं. उलट कोल्हापूरच्या अल्लादिया खाँसाहेबांनी तबकडी दिलीच नाही. तिथे दुरुस्त करायलाही काही नाही.

शेवटचा धोका खरखर काढणाऱ्या प्रोग्रामांचा. नमुन्याला थोडी नुसती खरखर दाखवायची, मग प्रोग्राम संपूर्ण गाण्यातून तसलं सगळं वजा करतो. मी तेही केलं. खरखर गेली आणि तिच्याबरोबर तंबोरा गेला. मिरजेचा कारागीर घोडीवर जवारी काढतो, तारेखाली सुती दोरा सरकवून नेमकी झणकार येईल तिथे थांबवतो, ती सगळी झणकार वरच्या बारीक सुरांची असते. यंत्राला तिच्यात आणि खरखरीत फारसा फरक दिसत नाही. श्वासही गेले. म्हणून आता खरखर राहू देतो. टिक-टिक फार असेल तर तेवढीच काढतो.

या सगळ्यानंतरही खाँसाहेबांचा आवाज बारीकच राहिला, आणि तो तसाच होता हे मी आता मान्य केलं आहे. उंच पट्टीचा, टोकदार, थोडा नाकातला. त्यांच्या घरात पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. बडोद्याच्या मान्यांच्या घरातल्या ताराबाईंशी संसार, मग ताटातूट, आणि मुलं आईच्या बाजूने वाढली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या, सकीना सरस्वती राणे झाल्या. हिराबाईंची तबकडी वडिलांच्या तबकडीनंतर लगेच लावून ऐका, त्याच मोनोवर, कुठलीही मदत चालू न ठेवता. स्वर लावायची ढब कुठून आली ते कुणी सांगायला लागत नाही.

खाँसाहेब २७ ऑक्टोबर १९३७ रोजी गेले. मद्रासहून पाँडिचेरीला निघाले होते, वाटेत प्रकृती बिघडली म्हणून सिंगपेरुमल कोइलच्या स्टेशनावर उतरले. तिथे फलाटावर दरबारीत कलमा गात त्यांनी प्राण सोडला असं सांगतात. मिरजेला आणून त्यांना दफन केलं. त्या शेवटच्या गाण्याला भोंगा नव्हता, माइक नव्हता.

परवा वर्गात पुन्हा तीच ठुमरी लावली. वेग आहे तसा, मोनो चालू, बाकी सगळं बंद, आणि ब्लूटूथऐवजी साधी वायर. आधी सांगून टाकलं की हे साठी ओलांडलेले गृहस्थ आहेत. मागच्या बाकावरचा तोच मुलगा तीन मिनिटं खाली मान घालून ऐकत होता. संपल्यावर त्याने विचारलं, "सर, मधेच बंद का केलं?" मी म्हटलं, मी नाही केलं रे, तबकडी तेवढीच होती. "मग दुसरी बाजू?" तो म्हणाला.

दुसऱ्या बाजूची फाइल माझ्याकडे नव्हती. शोधतोय.